न भरणारी जखम आणि न पाहणारा डॉक्टर

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझ्याकडे ब्लडप्रेशर आणि शुगरसाठी नियमित येणाऱ्या एक बाई होत्या. वय साठीच्या पुढे, सगळं आयुष्य दुसऱ्याच्या शेतात मजुरी करण्यात गेलेलं. वेटिंगरूममध्ये सगळेच त्यांना मावशी म्हणायचे, आपणही इथे मावशीच म्हणू. महिन्याच्या महिन्याला यायच्या, पथ्य बऱ्यापैकी पाळायच्या, गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा पिशवीत घालून आणायच्या. एकदा त्या गोळ्या संपायच्या आतच आल्या आणि म्हणाल्या, "डाक्टर, जांघेत अवधाण आलंय. पंधरा दिस झालं, बसंना."

जांघेत अवधाण, म्हणजे गाठ, आली की त्या बाजूचा पाय बघायचा, हे आम्हाला कॉलेजातच शिकवतात. मी त्यांना टेबलावर झोपवलं आणि पायाला काही लागलंय का विचारलं.

"लागलं न्हाई. दोन वर्सामागं काटा मोडला व्हता, तवा बिब्बा घातला. त्याचा डाग हाय नुसता."

तळपायावर, टाचेच्या जरा पुढे, पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा मोठा काळा डाग होता. कडा वेड्यावाकड्या. एका बाजूला शाईसारखा काळा, दुसरीकडे तपकिरी, आणि मधोमध वाटाण्याएवढी ओलसर गाठ. बिब्ब्याने त्वचा भाजते, काळी पडते, पण काही आठवड्यांत ती कातडी निघून जाते. बिब्ब्याचा डाग दोन वर्षं राहत नाही, आणि वाढत तर नाहीच नाही. हा मेलॅनोमा होता, त्वचेच्या कॅन्सरमधला सगळ्यात वाईट प्रकार. जांघेतल्या गाठीत सुई घालून तपासणी केली, तिथेही तो पोचलेला होता.

बिब्ब्याने त्यांना कॅन्सर झाला असं मी म्हणत नाही, तसा काही संबंध नाही. बिब्ब्यामुळे एवढंच झालं, की डागाला एक सोयीचं कारण मिळालं आणि कुणी पुढे विचार केला नाही.

पण मला खुपते ती गोष्ट वेगळीच आहे. माझ्या दवाखान्यात चपला बाहेर काढायची पद्धत आहे. म्हणजे मावशी सहा वर्षं दर महिन्याला अनवाणी पायांनी माझ्यासमोर, हातभर अंतरावर बसत होत्या. डायबेटिसच्या पेशंटचे तळपाय वर्षातून एकदा तरी बघायचे असतात. मी स्वतः तालुक्यातल्या डॉक्टरांच्या बैठकीत या विषयावर बोललेलो आहे, स्लाइड वगैरे दाखवून! मावशींना मी विचारायचो, "पायाला मुंग्या येतात का? जळजळ होते का?" त्या नाही म्हणायच्या, मी कागदावर तसं लिहायचो. पाय उचलून तळवा एकदाही पाहिला नाही.

पेशंट खरंच उशिरा येतात का?

खेड्यातल्या कॅन्सरबद्दल आम्ही डॉक्टर मंडळी बोलायला लागलो की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आपले लोक फार उशिरा येतात." अज्ञान, अंगारे-धुपारे, पैशाची चणचण, बाईमाणसाच्या दुखण्याकडे घरचं दुर्लक्ष. हे सगळं खरं आहे. तोंडाच्या कॅन्सरबद्दल, स्तनाच्या कॅन्सरबद्दल मीही हेच म्हणतो.

त्वचेच्या कॅन्सरबाबत मात्र मला आता हे वाक्य अर्धसत्य वाटतं. कारण माझ्याकडे आलेल्या अशा पेशंटच्या पिशवीतले जुने कागद मी नीट चाळायला लागलो, तेव्हा दिसलं की बहुतेक जण वेळेवर कुठेतरी गेले होते. गावातल्या डॉक्टरकडे गेले होते, तालुक्याच्या डॉक्टरकडे गेले होते, मेडिकलवाल्याला दाखवलं होतं. मलम मिळालं होतं, अँटिबायोटिक मिळालं होतं, दिवसाआड ड्रेसिंग झालं होतं. कुणी "शुगर आहे, म्हणून जखम भरत नाही" असं सांगितलं होतं. पेशंट आला होता. आम्ही बघितलं नाही, किंवा बघून विचार केला नाही.

असं का होतं, तेही सांगतो. दवाखान्यात तीस-चाळीस माणसं बसलेली असतात. पेशंट स्टुलावर बसतो, तक्रार सांगतो, आम्ही छातीला स्टेथोस्कोप लावतो, तोही पुष्कळदा शर्टावरूनच. कपडे काढून तपासायला आडोसा नसतो. बाई पेशंट असेल आणि डॉक्टर पुरुष असेल, तर कंबर, मांडी, पाठ हे भाग दोघांच्याही सोयीने वगळले जातात. त्यात त्वचेचा विषय आम्हाला एमबीबीएसला थोडाच असतो, आणि पुस्तकातले फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे! आमच्या भागातला पहिला डॉक्टर बऱ्याचदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. मग आमची एमबीबीएसवाली मंडळी लगेच बोट दाखवायला मोकळी होतात. मी एमडी आहे, आणि मावशींचा पाय मीच पाहिला नव्हता. तेव्हा डिग्रीचं भांडण इथे नको.

आपल्याकडचा त्वचेचा कॅन्सर कसा असतो

मोबाइलवर या विषयाची माहिती शोधली, तर ती बहुतेक गोऱ्या लोकांसाठी लिहिलेली सापडते. समुद्रकिनारा, ऊन, सनस्क्रीन आणि बदलणारा तीळ. ऑस्ट्रेलियात वयाच्या सत्तरीपर्यंत दर तिघांपैकी निदान दोघांना कधी ना कधी त्वचेचा कॅन्सर होतो असं तिथले लोक सांगतात. आपल्या त्वचेत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य भरपूर असतं, ते उन्हापासून चांगलं संरक्षण करतं. त्यामुळे आपल्याकडे हा आजार पुष्कळच कमी. पण "कमी" याचा अर्थ आपण "नाहीच" असा करून टाकला. शिवाय जो आहे तो वेगळ्या जागी आणि वेगळ्या रूपात येतो.

मुख्य प्रकार तीन. पहिला बेसल सेल कॅन्सर. हा चेहऱ्यावर, नाकाच्या बाजूला, डोळ्याखाली येतो. वर्षानुवर्षं उन्हात काम केलेल्या शेतकऱ्यांमध्ये मी तो पाहिला आहे. चकचकीत, मण्यासारख्या कडेची छोटी गाठ किंवा जखम. खपली धरते, पडते, थोडं रक्त येतं, पुन्हा खपली धरते. सावळ्या त्वचेवर तो काळा दिसतो, म्हणून "तीळ आहे" असं वाटतं. हा शरीरात इतरत्र जवळजवळ कधीच पसरत नाही, पण जागच्या जागी कुरतडत जातो. वेळेवर काढला तर विषय संपतो. दहा वर्षं ठेवला, तर नाक किंवा डोळा जाऊ शकतो.

दुसरा स्क्वॅमस सेल कॅन्सर. माझ्या मते खेड्यातल्या डॉक्टरने सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते याच्याकडे. कारण आपल्याकडे तो कितीतरी वेळा जुन्या व्रणातून किंवा वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमेतून येतो. लहानपणी चुलीत पाय पडला, अंगावर उकळतं पाणी सांडलं, त्या वेळी कातडी बसवण्याची शस्त्रक्रिया झाली नाही, जखम कशीबशी आखडून भरली. गुडघ्यामागची ती आखडलेली कातडी चालताना फाटत राहते, भरत राहते. आणि मग पंचवीस-तीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा, त्यातलीच एक चीर भरेनाशी होते. याला मार्जोलिनचा अल्सर म्हणतात. मार्जोलिन या फ्रेंच सर्जनने व्रणात होणाऱ्या अशा जखमांचं वर्णन १८२८ मध्ये केलं. गंमत म्हणजे त्या जखमा कॅन्सरच्या आहेत हे त्याच्या स्वतःच्या लक्षात आलं नव्हतं, ते पुढच्यांनी ओळखलं. भाजल्याच्या व्रणासारखीच गत कुष्ठरोगामुळे बधिर झालेल्या तळपायाच्या जुन्या जखमेची, व्हेरिकोज व्हेन्समुळे घोट्याजवळ होणाऱ्या जखमेची आणि हाडातून वर्षानुवर्षं पू येणाऱ्या छिद्राची.

या प्रकाराचा एक नमुना तर आपल्या कपड्यांतूनच आला आहे. परकराची नाडी किंवा लुगड्याची गाठ कमरेला रोज एकाच जागी घट्ट बांधली जाते. घाम, उष्णता, सततचं घासणं. तिथली कातडी आधी काळी पडते, मग पांढरट, खरखरीत, आणि काही थोड्या बायकांमध्ये तिथे जखम होऊन तिचा कॅन्सर होतो. हे नवं नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ मध्येच धोतराच्या गाठीखाली होणाऱ्या कॅन्सरबद्दल लिहिलं होतं. काश्मिरात थंडीत पोटाशी निखाऱ्याची कांगडी धरणाऱ्या लोकांच्या कॅन्सरची नोंद त्याहीआधीची, एकोणिसाव्या शतकातली आहे. अलीकडे, २०२४ मध्ये, वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी अशा दोन स्त्रियांची हकिगत एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापली, तेव्हा वर्तमानपत्रांत पेटिकोट कॅन्सर म्हणून बराच गाजावाजा झाला. त्यातल्या एकीची जखम दीड वर्ष भरत नव्हती, दुसरीची दोन वर्षं. मथळ्यांमधल्या परकरापेक्षा मला हे दीड आणि दोन वर्षांचे आकडे जास्त महत्त्वाचे वाटले. (परकर घालणं बंद करायची गरज नाही. नाडी सैल बांधा, जागा बदलत राहा, नाडीऐवजी रुंद पट्टा लावा. कातडीला नुसता काळपटपणा आला म्हणजे कॅन्सर नव्हे, जखम झाली आणि भरली नाही तर दाखवायचं.)

तिसरा मेलॅनोमा, मावशींना झाला तो. आपल्यासारख्या वर्णाच्या लोकांत तो दुर्मीळ आहे, पण होतो तेव्हा बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. तिथे उन्हाचा संबंध नसतो. गायक बॉब मार्लेला १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच कॅन्सर निघाला होता. आधी ती फुटबॉल खेळताना झालेली इजा वाटली होती. १९८१ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी तो गेला. आपल्याकडे फुटबॉलच्या जागी काटा असतो, खिळा असतो, बैलाचा पाय पडलेला असतो. तळपायावरच्या काळ्या डागाला खेड्यात कारण सहज सापडतं आणि नखाखालच्या काळेपणाला तर विचारूच नका.

सहा आठवड्यांचा नियम

मावशींनंतर मी स्वतःसाठी एक नियम केला. कुठलीही जखम, कुठल्याही कारणाची, नीट उपचार करूनही सहा आठवड्यांत भरायच्या मार्गाला लागली नाही, तर तिच्या कडेचा तुकडा तपासायला पाठवायचा. शुगर असली तरी, भाजल्याचा जुना व्रण असला तरी, आणि पेशंटला स्वतःला कारण पक्कं माहीत असलं तरीसुद्धा! कडा बाहेरच्या बाजूला उचललेल्या असतील, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं मांस वाढलं असेल, हात लावताच रक्त येत असेल, किंवा वर्षानुवर्षं शांत असलेल्या जखमेला नव्याने वास आणि ठणका सुरू झाला असेल, तर सहा आठवडेही थांबायचं नाही.

तुकडा तपासणं म्हणजे बायोप्सी. हा शब्द ऐकला की लोकांचा चेहरा पडतो. मग नातेवाईक हळूच विचारतात, "डॉक्टर, सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणतात?" नाही. त्वचेच्या जखमेचा तुकडा घेतल्याने कॅन्सर पसरत नाही. हा समज कसा तयार झाला असेल, त्याचा अंदाज येतो. तपासणीच इतकी उशिरा होते की आजार आधीच पसरलेला असतो. रिपोर्टनंतर ते कळतं आणि बोल बायोप्सीला लागतो.

प्रत्यक्षात काय करतात? जागा बधिर करण्याचं इंजेक्शन, दात काढताना देतात तसं. मग पेनच्या रिफिलसारखी दिसणारी, धारदार तोंडाची नळी फिरवून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढतात. एखादा टाका. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. तुकडा जखमेच्या मधून नाही, कडेवरून घ्यायचा, कारण मध्ये बहुतेक मेलेला भाग असतो आणि रिपोर्ट उगाच "काही नाही" असा येतो. तो लगेच फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकायचा. पूर्वी माझ्याच ओळखीच्या एका डॉक्टरांनी तुकडा सलाइनमध्ये घालून एसटीने जिल्ह्याला पाठवला होता. पोचेपर्यंत कुजला. पेशंट दुसऱ्यांदा तुकडा द्यायला आलाच नाही. एका चुकीच्या बाटलीमुळे माणूस हातचा गेला.

इथे त्वचारोगतज्ज्ञ मित्र माझ्यावर नाराज होतात, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. ते म्हणतात, जनरल डॉक्टरांनी प्रत्येक काळ्या डागाला नळी लावली तर घोटाळा होईल. मेलॅनोमा किती खोल गेलाय यावर पुढचे सगळे उपचार ठरतात. वरवर खरवडून घेतलेल्या तुकड्यातून ती खोली कळत नाही. मान्य. म्हणून काळ्या डागाला मी स्वतः हात लावत नाही, तज्ज्ञाकडे पाठवतो. पण "पाठवतो" म्हणजे नुसतं "मोठ्या दवाखान्यात दाखवा" असं सांगत नाही. चिठ्ठीत स्पष्ट लिहितो की हा डाग इतके महिने वाढतोय, मला मेलॅनोमाची शंका आहे, कृपया तपासणी करून कळवावे. आणि पेशंटचा किंवा मुलाचा फोन नंबर वहीत लिहून पंधरा दिवसांनी विचारतो, गेला होतात का. खरं सांगायचं तर अर्धे गेलेले नसतात. सोयाबीन काढायला आलेलं असतं, किंवा गाडीभाड्याचे पैसे नसतात. दुसऱ्या फोननंतर त्यातले बरेच जातात.

कॅन्सर निघालाच तर शस्त्रक्रियेच्या खर्चाला घाबरून घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया होतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटायचं. त्वचेचा कॅन्सर लहान असताना काढला, तर पुष्कळांना केमो वगैरे काहीच लागत नाही.

शिबिरं नकोत, डोळे उघडे हवेत

हे वाचून कुणाला वाटेल की गावोगावी त्वचेच्या कॅन्सरची तपासणी शिबिरं घ्यावीत. माझं मत विरुद्ध आहे. जिथे हा आजार भरपूर आहे तिथेही सरसकट सगळ्या निरोगी लोकांची त्वचा तपासून फायदा होतो की नाही, यावर अजून एकमत नाही. अमेरिकेत अशा शिफारशी करणाऱ्या तज्ज्ञगटाने २०२३ मध्येही पुरावा अपुरा असल्याचंच म्हटलं. आपल्याकडे तर शंभर शिबिरांत शेकडो तीळ आणि चामखिळी सापडतील, लोक घाबरतील, आणि बॅनरवर पुढाऱ्यांचे फोटो तेवढे छापले जातील.

ऑस्ट्रेलियाकडून घ्यायचं असेल तर दुसरं घ्यावं. तिथे त्वचेच्या कॅन्सरचं बरंचसं काम जनरल प्रॅक्टिशनरच करतात. ते डरमॅटोस्कोप नावाचं, प्रकाश असलेलं भिंग वापरायला शिकतात, छोटे कॅन्सर स्वतः काढतात. म्हणजे हे काम साध्या डॉक्टरला जमण्यासारखं आहे. आपल्याला भिंगाच्याही आधी पडदा, बॅटरी आणि पाच मिनिटं लागतील.

आणि एक व्यवस्था तर आपल्याकडे तयारच आहे. तुमच्याकडे कुष्ठरोग शोध मोहिमेत आशाताई आणि त्यांच्याबरोबर एक पुरुष स्वयंसेवक घरी येऊन गेले असतील. आशाताई घरातल्या बायकांची आणि स्वयंसेवक पुरुषांची त्वचा बघतात, फिकट बधिर चट्टा आहे का विचारतात. दुसऱ्या कुठल्या मोहिमेत घरोघरी जाऊन माणसाची कातडी पाहिली जाते? सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरबद्दल विचारतात, त्वचेचा त्यात समावेश नाही. चौथा कॅन्सर वाढवा असं मी म्हणत नाही, आशाताईंच्या डोक्यावर आधीच फॉर्मांचा डोंगर आहे. पण चट्टा शोधायला गेलोच आहोत तर एकच जास्तीचा प्रश्न विचारता येईल: "अंगावर कुठं दीड महिन्यापासून न भरलेली जखम आहे का?" आणि तळपाय बघता येतील. उत्तर "हो" असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं. तिथल्या डॉक्टरकडे फॉर्मेलिनची बाटली आणि ती नळी असेल एवढी सोय करायला फार मोठा निधी लागत नाही.

तुमच्याकडून काय हवं

डॉक्टरांना एवढं बोललो, आता थोडं तुम्हाला. आंघोळीच्या वेळी महिन्यातून एकदा तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि नखं बघा. स्वतःला वाकता येत नसेल तर नातवंडांना बघायला सांगा, त्यांची नजर चांगली असते. घरात कुणाला भाजल्याचा जुना व्रण असेल तर त्यावर नवी चीर, गाठ किंवा वास येतोय का, याकडे लक्ष ठेवा. काळा डाग दिसला तर शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून मोबाइलवर फोटो काढा. दोन महिन्यांनी तसाच दुसरा काढा. वाढ झाली की नाही ते कुणीही सांगू शकेल, आणि डॉक्टरलाही ते नाकारता येणार नाही.

तळपायाचं प्रत्येक कुरूप म्हणजे कॅन्सर नाही, हेही लक्षात ठेवा. माझ्याकडे दाखवायला येणाऱ्या शंभरातल्या बहुतेक सगळ्या गोष्टी कुरूप, चामखीळ, चिखल्या किंवा साधे तीळ असतात. त्यांना नीट बघून "काही नाही" म्हणणं हेही डॉक्टरचं कामच आहे.

चामखिळीला घोड्याचा केस बांधणं, चुना-सोडा लावून तीळ जाळणं, काट्यावर बिब्बा, जखमेवर तंबाखू हे प्रकार कृपा करून थांबवा. यातलं काही लगेच कॅन्सर करतं असं नाही, पण खरा आजार त्याखाली झाकला जातो. तसंच ते नायट्यावर सर्रास वापरलं जाणारं स्टेरॉइडचं मिश्र मलम. ते चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे आणि तरी मिळतं. जखमेवर लावलं तर लाली आणि खाज दबते, बरं वाटतं, आणि सहा महिने जातात.

आणि जखम भरत नसेल तर डॉक्टरांना सरळ विचारा: "याचा तुकडा तपासायला द्यायचा का?" डॉक्टर चिडतील असं वाटत असेल तर चिडू द्या. मला कुणी असं विचारलं असतं तर त्या काळात मीही कदाचित चिडलो असतो.

मावशींचा पाय आणि जांघेतल्या गाठी यांची शस्त्रक्रिया झाली. मेलॅनोमासाठी आता नवी औषधं आहेत, पण त्यांचा खर्च लाखांत जातो, ते त्यांना झेपणारं नव्हतं. वर्षभराने त्या गेल्या. त्या वर्षातही त्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या घ्यायला यायच्या आणि माझ्यावर त्यांनी कधी राग धरला नाही. त्याने मला काही हलकं वाटलं नाही.

तेव्हापासून माझ्या टेबलाशेजारी एक बुटका स्टूल आहे. शुगरच्या पेशंटने आत आल्यावर आधी त्यावर पाय ठेवायचा, मग बाकीचं बोलणं. नव्या माणसांना ते चमत्कारिक वाटतं. डॉक्टरांसमोर पाय कसा करायचा, म्हणून म्हातारी माणसं संकोचतात, कुणी आधी हात जोडतात.

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ आले होते. पोटरीवर भाजल्याचा लहानपणचा व्रण, त्यात दोन महिन्यांपासून न भरणारी जखम. मी तुकडा घ्यायलाच लावला. ते नको म्हणत होते, बायकोने आणि मी मिळून तयार केलं. दहा दिवसांनी रिपोर्ट आला, कॅन्सर नव्हता. ते रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आले आणि चांगलेच तडकले, "काही नव्हतं तर एवढे पैसे कशाला घालवायला लावलेत?" मी त्यांना बसवलं, चहा मागवला. जखम पुढे ड्रेसिंगने भरली. आता मी त्यांना सांगितलंय की दर तीन महिन्यांनी येऊन ती पोटरी दाखवायची, तपासणीचे पैसे घेणार नाही. परवा आले होते. अजून थोडे रागातच आहेत, पण आल्या आल्या त्यांनी पाय स्टुलावर ठेवला.